ड्रोन उडतो हो, पण ऐकत नाही!

मागच्या वेळी या पानावर स्वस्तातल्या हौशी ड्रोनबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं पान त्यांनाच दिलंय. जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच, की घरात शहाण्यासारखा उडतो आणि बाहेर नेला की कानात वारा शिरलेल्या वासरासारखा करतो. त्यामुळे आज फक्त बाहेर उडवण्याबद्दल बोलू, आणि तेही जीपीएस नसलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या, चार पंख्यांच्या ड्रोनबद्दल. महागड्या ड्रोनवाल्यांनी रागावू नये, तुमचं मशीन बरंचसं स्वतःच सांभाळून घेतं.

प्रश्न : माझा ड्रोन हॉलमध्ये एका जागी छान थांबतो. मैदानात नेला की आपोआप एका बाजूला पळत सुटतो. ट्रिमची (ड्रोनला एका बाजूला किंचित झुकवून ठेवणारी) बटणं दाबून दाबून कंटाळलो. बिघडलाय का?

अजिबात बिघडलेला नाही. बॉक्सवर 'सिक्स ॲक्सिस जायरो' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ एवढाच की आत तीन दिशांचं फिरणं मोजणारे तीन आणि तीन दिशांचा प्रवेग मोजणारे तीन असे सेन्सर आहेत, आणि त्यावरून ड्रोनला कळतं की आपण सपाट आहोत की तिरके झालोय. बास. आपण कुठे आहोत, मगाशी होतो तिथेच आहोत की दहा पावलं सरकलो, हे त्याला कळतच नाही. वारा आला की तो वाऱ्याबरोबर सरकतो, पण सरकताना सपाटच असतो, म्हणजे त्याच्या हिशोबाने सगळं आलबेल आहे. घरात वारा नव्हता म्हणून तो थांबला, त्यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं.

आता ट्रिमचं. ट्रिम हे ड्रोनच्या स्वतःच्या खोडीवरचं औषध आहे, वाऱ्यावरचं नाही. समजा वारा डावीकडून येतोय आणि तुम्ही ट्रिम मारून मारून ड्रोनला डावीकडे झुकवून ठेवलंत, तर तेवढ्यापुरता तो थांबेल, पण त्याचं तोंड उलटं फिरवलंत की तीच ट्रिम वाऱ्याच्या बाजूने काम करायला लागते आणि ड्रोन दुप्पट जोराने पळतो. मग माणूस म्हणतो मशीनच खराब.

खोडी कुणाची हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर घ्या आणि कुठे सरकतोय ते बघा, मग जागच्या जागी त्याला अर्धा फिरवा म्हणजे शेपूट होती तिथे तोंड येईल. आता तो पुन्हा त्याच झाडाकडे किंवा त्याच भिंतीकडे सरकतोय का? मग तो वारा आहे, ट्रिमला हात लावू नका. आधी झाडाकडे जात होता आणि आता झाडापासून लांब जातोय का? मग दोष ड्रोनचा आहे. तो सपाट फरशीवर ठेवा, कॅलिब्रेशन करा, म्हणजे सपाट कशाला म्हणायचं ते त्याला नव्याने शिकवा (बहुतेक मॉडेलांत रिमोटच्या दोन्ही स्टिक एका कोपऱ्यात धरून ठेवायच्या असतात, कुठला कोपरा ते माहितीपत्रकात बघा), आणि तरीही उरलं तरच ट्रिम. हे सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर करू नका, तिथे पंख्यांचाच वारा जमिनीवर आपटून परत येतो आणि ड्रोन उगाच भरकटतो. नवीन शिकणारे भीतीपोटी नेमके तिथेच रेंगाळतात. एकदा उचललाय ना, मग सरळ छातीएवढा वर घ्या, तिथे तो जास्त शांत असतो.

प्रश्न : किती वारा असेल तर उडवायचा? मोबाईलवर तर कमी वारा दाखवत होता, तरी माझा ड्रोन शेजारच्या गच्चीवर गेला.

मोबाईलवरचा आकडा हा साधारणपणे उघड्या जागी दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा आणि सरासरी असतो, मधेच येणारे झोत त्यात नसतात. ते बऱ्याच ठिकाणी वेगळे दिलेले असतात, तो झोतांचा आकडा बघत जा. आणि खरं सांगू का, आकड्यापेक्षा झाड बघा. बोफर्ट नावाची वारा ओळखायची जुनी पट्टी आहे, खलाशांच्या काळातली, ती अजून मस्त चालते. धूर नुसता कलतोय पण पानं हलत नाहीत म्हणजे ताशी १ ते ५ किलोमीटर, हा शिकायचा वारा. चेहऱ्याला वारा जाणवतोय, पानं सळसळतायत म्हणजे ६ ते ११, थोडा हात बसला असेल तर उडवा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, हलका झेंडा उघडून फडकतोय म्हणजे १२ ते १९, या वाऱ्यात छोटा ड्रोन पिशवीतच बरा. कारण स्लो मोडमधला छोटा ड्रोन जेमतेम जॉगिंग करणाऱ्या माणसाच्या वेगाने जातो. वारा त्याच्यापेक्षा जोरात असला की तुम्ही स्टिक पूर्ण पुढे ढकलून धरली तरी तो तोंड पुढे करून मागे मागे जात राहतो, लांबून बघणाऱ्याला गंमत वाटते, उडवणाऱ्याला घाम फुटतो.

तुमच्या बाबतीत काय झालं असेल याचा माझा अंदाज सांगतो. खाली इमारतींच्या किंवा झाडांच्या आडोशाला वारा नव्हता, तुम्ही खुशीत ड्रोन वर नेला, आणि आडोशाच्या वर निघाल्याबरोबर खरा वारा लागला. जमीन, झाडं, भिंती वाऱ्याला घासून अडवतात म्हणून खाली तो कमी असतो आणि जसजसं वर जाल तसा वाढतो. शिवाय भिंतीच्या मागच्या बाजूला तो भोवऱ्यासारखा फिरतो, तिथे तर ड्रोन कुठल्या दिशेला जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. म्हणून आडोसा शोधण्यापेक्षा मोकळं मैदान आणि सकाळची वेळ शोधा. सकाळी जमीन तापलेली नसते त्यामुळे वरची-खालची हवा घुसळत नाही, दुपारी ते सगळ्यात जास्त होतं.

आता महत्त्वाचं, ड्रोन वाहून जायला लागला तर काय करायचं. आपण घाबरलो की अंगठा आपोआप थ्रॉटल (ड्रोन वर-खाली नेणारी स्टिक) वर करतो, कारण खाली पडून तुटेल अशी भीती असते, आणि वर तर अजून वारा. म्हणजे आपणच त्याला पाठवतो! त्याऐवजी खाली आणा. स्पीडचं बटण असेल तर फास्ट मोडवर टाका, त्याची शेपूट तुमच्याकडेच असेल तर सरळ स्टिक मागे ओढा, आणि तरीही येत नसेल तर जिथे आहे तिथे उतरवा, तो जिथे पडला तिथे चालत जाता येतं. आणि सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या, आधी वाऱ्याच्या समोर जायचं आणि परत येताना वाऱ्याबरोबर यायचं. उलट केलंत तर बॅटरी उतरत आलेली असताना वाऱ्याशी झुंजावं लागतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. ड्रोनचं तोंड माझ्याकडे झालं की सगळं उलटं होतं, डावीकडे न्यायला जातो तर उजवीकडे जातो. मित्र म्हणतो हेडलेस मोड लाव. लावू का?

नको रे. म्हणजे लावून बघ, गंमत म्हणून, पण त्याच्यावर शिकू नकोस. हेडलेस मोडमध्ये काय होतं, तू उडवायला सुरुवात करताना ड्रोनचं तोंड जिकडे होतं ती दिशा तो 'पुढे' म्हणून धरून ठेवतो, मग तो कितीही गोल फिरला तरी तुझी पुढची स्टिक म्हणजे तीच दिशा. ऐकायला भारी आहे. पण स्वस्त ड्रोनमध्ये बहुतेक वेळा होकायंत्र नसतं, आपण किती फिरलो हे तो जायरोवरून मोजत राहतो, त्यात थोडी थोडी चूक साठत जाते, आणि एखाद्या फांदीला धडकला की त्याची 'पुढे' भलतीकडेच होऊन बसते. मग तुला ना साधी पद्धत येत असते ना तो मोड भरवशाचा राहतो. आगीतून फुफाट्यात.

त्यापेक्षा असं कर. पहिल्यांदा ड्रोनची शेपूट कायम तुझ्याकडे ठेव, तीन-चार पावलांवर, डोळ्याच्या उंचीला, आणि फक्त एका जागी थांबवायचा प्रयत्न कर. खूप बोअर होतं, मान्य आहे, पण सगळं यातच आहे. इथे एक गोष्ट लक्षात येईल, की स्टिक सोडली म्हणजे ब्रेक लागत नाही. ड्रोन सपाट होतो, पण आहे त्या वेगाने घसरत राहतो, म्हणून थांबवायला हलकीशी उलटी स्टिक द्यायची आणि लगेच सोडायची. द्यायची आणि सोडायची, धरून ठेवायची नाही. नवीन माणसाचं नव्वद टक्के भरकटणं हे स्टिक धरून ठेवण्यामुळे होतं असं माझं मत आहे.

ते जमलं की शेपूट जराशी तिरकी कर, मग पूर्ण आडवा, म्हणजे ड्रोनचं तोंड तुझ्या डाव्या किंवा उजव्या हाताला, आणि मग चौकोन मार, प्रत्येक कोपऱ्यावर तोंड वळवून. समोरासमोर तोंड सगळ्यात शेवटी. त्या वेळी डोकं चालवायला वेळ नसतो म्हणून एक जुनी युक्ती आहे, रिमोटचं विमान उडवणारे लोक वापरतात : ड्रोनचं तोंड तुझ्याकडे असताना त्याची जी बाजू खाली झुकलेली दिसतेय त्या बाजूला स्टिक ने, जणू खालून त्याला टेकू देतोयस. तुला उजवीकडे झुकलेला दिसतोय, स्टिक उजवीकडे. बास, तो सरळ होतो. हे शांतपणे दोन-तीनदा करून बघितलंस की डावं-उजवं आठवत बसावं लागत नाही. आणि फारच गोंधळ उडाला तर उलट-सुलट स्टिक मारत बसू नकोस, तोंड फिरवून शेपूट आपल्याकडे आण, बाकी नंतर.

अजून एक, मागच्या बाजूला भडक रंगाची चिकटपट्टी लाव. त्या लाल-हिरव्या लाईटवर विसंबू नकोस, उन्हात त्या दिसतच नाहीत.

प्रश्न : तुटलेले पंखे काढून नवीन चार बसवले. आता थ्रॉटल दिला की उडायच्या ऐवजी जागेवरच उलटा होतो. मोटर गेली असेल का?

मोटर नाही, पंखे चुकीच्या जागी बसलेत. चारही पंखे दिसायला सारखे असले तरी ते दोन जातीचे असतात, त्यावर बारीक अक्षरात ए आणि बी असं काहीतरी कोरलेलं असतं, आरशातल्या प्रतिमेसारखी त्यांची पाती एकमेकांच्या उलटी वळलेली असतात. कर्णावर समोरासमोर असलेले दोन एका जातीचे, उरलेले दोन दुसऱ्या. एखादा चुकला की तो कोपरा हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलतो, मग उलटणारच.

असं का करतात, तर कुठलाही पंखा एका दिशेला फिरला की अंग उलट दिशेला फिरायला बघतं, म्हणून तर हेलिकॉप्टरला शेपटीवर छोटा पंखा लागतो. इथे दोन सुलटे दोन उलटे फिरतात आणि हिशोब फिटतो. आणि ड्रोनला जागच्या जागी वळवायचं असलं की एका जोडीचा वेग वाढवायचा, दुसरीचा कमी करायचा, वळण फुकटात. डोकेबाज आहे की नाही? पण ही काही आजची कल्पना नाही. फ्रान्समध्ये एतियेन एमिशेन नावाच्या इंजिनिअरने उचलायला चार मोठे रोटर (आडवे पंखे) आणि शिवाय तोल सांभाळायला, वळायला, पुढे जायला आठ छोटे पंखे असलेलं, माणूस बसेल असं यंत्र बनवलं होतं आणि ४ मे १९२४ ला त्याने त्यातून एक किलोमीटरची फेरी मारली, साडेसात मिनिटांच्या थोडं वर वेळ लागला. अडचण ही होती की सगळा तोल माणसाने हाताने सांभाळायचा. आज तेच काम आतली चिप सेकंदाला शेकडो वेळा करते, म्हणून खेळण्याच्या किमतीत हे आपल्या हातात आलंय.

प्रश्न : हाईट होल्ड (उंची आपोआप धरून ठेवायची सोय) असूनही ड्रोन बाहेर आपोआप वर-खाली होतो.

होणारच. उंची तो हवेच्या दाबावरून ओळखतो, एक मीटर वर गेलं की दाब साधारण १२ पास्कलने कमी होतो, म्हणजे अगदी किंचित, आणि वाऱ्याचा झोत अंगावरून गेला की तेवढा फरक सहज पडतो. त्या सेन्सरवर थेट ऊन पडलं तरी काही वेळा तो बिचकतो. त्यामुळे हाईट होल्डला मदतनीस समजा, डाव्या अंगठ्याला सुट्टी देऊ नका. (डावा म्हणतोय कारण बहुतेक रिमोटवर थ्रॉटल डावीकडे असतो, तुमचा उजवीकडे असेल तर उजवा.) खाली आणताना सरळ दगडासारखा आणू नका, ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत बुडतो आणि डगमगायला लागतो. थोडं पुढे सरकवत, तिरका खाली आणा.

प्रश्न : नातवाला ड्रोन हवाय. पहिलाच घ्यायचा तर जीपीएसवाला, कॅमेरावाला घ्यावा का? मोबाईलवरून चालणारा सोपा पडेल का?

आजोबा, पहिला ड्रोन पडणारच आहे, त्यामुळे जो पडल्यावर तुम्हाला वाईट वाटणार नाही तो घ्या. जीपीएसवाला हात सोडला तरी थांबून राहतो, म्हणून मुलगा शिकतच नाही, आणि ज्या दिवशी इमारतींमध्ये त्याला सॅटेलाइट मिळत नाहीत त्या दिवशी सगळं एकदम अंगावर येतं. आधी साधा, मग तो. मोबाईलवरून चालणारा तर नकोच, काचेवर अंगठा कुठे आहे हे न बघता कळत नाही, आणि नजर तर ड्रोनवर पाहिजे. कॅमेरा असला तरी शिकताना स्क्रीनकडे बघायचं नाही, वायफायवरचं चित्र जरा उशिराच येतं, तिथे झाड दिसेपर्यंत इथे धडकलेलं असतं.

पंख्यांभोवतीचे गार्ड नातू लहान असेल तर राहू द्या. ते वारा पकडतात, वजनही वाढवतात, त्यामुळे ड्रोन थोडा जास्त भरकटेल, पण बोटं सलामत राहतील. वजनाचं म्हणाल तर बऱ्याच देशांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नियम सैल आहेत. सैल म्हणजे नाहीत असं नव्हे हां, विमानतळाच्या आसपास आणि लोकांच्या गर्दीवर हलकासुद्धा चालत नाही, आणि तो कायम नजरेच्या टप्प्यात पाहिजे. तुमच्याकडचे नियम एकदा वाचून घ्या, ते बदलत असतात.

प्रश्न : बॉक्सवर आठ मिनिटं लिहिलंय, मला पाचसुद्धा मिळत नाहीत. आणि एक बॅटरी फुगल्यासारखी वाटते.

बॉक्सवरचा आकडा बिनवाऱ्याचा, एका जागी थांबलेल्या ड्रोनचा असतो. वाऱ्याशी झगडताना मोटर जास्त करंट खातात, आणि थंडीत तर बॅटरी अजून लवकर मान टाकते. लाईट लुकलुकायला लागली की एक शेवटची फेरी मारू असं म्हणायचं नाही, उतरवायचा.

या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आहेत. एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.७, पूर्ण भरली की ४.२, आणि ३ च्या खाली गेली की ती कायमची खराब व्हायला लागते, म्हणून उडायचा बंद होईपर्यंत पिळून काढू नका. उडवून झाल्यावर गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. महिनाभर वापरणार नसाल तर निम्मी भरून, ३.८ च्या आसपास, ठेवा. फुगलेली बॅटरी मात्र संपली असं धरा. दाबून बघणं, टाचणीने हवा काढणं असले उद्योग करू नका, तिथून आग लागते, आणि साध्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेतात तिथे द्या.

जादा बॅटऱ्या असतील तर त्या एकामागे एक लावून उडवायचा मोह होतो. या छोट्या ड्रोनच्या मोटरमध्ये ब्रश (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) असतात, ते गरम होतात आणि झिजतात, मधे पाच-दहा मिनिटं मोटर थंड होऊ द्या. पात्याखाली दांड्यावर केस गुंडाळलेत का तेही बघा, फार वेळा तेच कारण निघतं.

प्रश्न : उंच गवतात पडला तो सापडलाच नाही. पुढच्या वेळी काय करू?

पडतोय असं दिसल्याबरोबर थ्रॉटल शून्यावर. गवतात पंखे अडकलेले असताना मोटरला जोर दिला तर मोटर जळते, नाहीतर आतल्या सर्किटचा बळी जातो. मग लगेच धावायचं नाही. जागेवर उभं राहून तो पडला त्या रेषेत लांबवरची एक खूण धरायची, एखादा खांब, खिडकी, आणि नजर त्या खुणेवर ठेवून सरळ चालत जायचं. अंतराचा अंदाज नेहमी चुकतो, दिशेचा सहसा चुकत नाही, म्हणून त्या रेषेवरच पुढे-मागे शोधायचं. नाहीच सापडला तर उजेड कमी झाल्यावर लगेच एक चक्कर मारा, बॅटरीत जीव असेल तर दिवसा न दिसलेली लाईट तेव्हा दिसते.

झाडावर अडकला तर लांब काठीने फांदी हलवा, दगड मारू नका, आणि मुलांना चढवू नका. विजेच्या तारेवर असेल तर काठीसुद्धा नाही, वीज कंपनीला फोन करा आणि ते येईपर्यंत खाली कुणाला उभं राहू देऊ नका. तुमच्या हरवलेल्या ड्रोनवर फोन नंबर लिहिला होता का? नसेल तर नवीन घ्याल त्याच्या पोटावर पक्क्या शाईने लिहा, कुणाला सापडला तर परत तरी येईल.